गोड्या पाण्याचा तीन फुटी टँक मरीन करायचा आहे (देवगड) : विहिरीचं पाणी, समुद्राचं पाणी आणि मे महिना

वाडीतला_टँक :

नमस्कार मंडळी. घर देवगड तालुक्यात, किनाऱ्यापासून साधारण दोन किलोमीटरवर. गोड्या पाण्याच्या टँकची सवय आहे. फिल्टर सायकल होणं (अमोनिया पचवणारे जीवाणू वसणं), अमोनिया-नायट्राइट मोजणं, पाणी बदलणं यात अडचण नाही. आता तीन फूट बाय दीड बाय दीडचा टँक खाऱ्या पाण्याचा करायचा विचार पक्का झालाय. फक्त मासे ठेवायचे, प्रवाळ नको. क्लाऊनफिशची जोडी आणि सोबत दोन-तीन लहान मासे.

आत्ताची परिस्थिती अशी : ८ मिमी काच, ताशी १००० लिटरचा कॅनिस्टर (बंद डब्याचा) फिल्टर, तळाला नदीची वाळू, लोखंडी अँगलचा स्टँड. टँक माजघरात आहे. घर चिऱ्याचं, वर कौलं. मे महिन्यात दुपारी टँकचं पाणी ३१-३२ अंशांपर्यंत चढतं. पावसात लाइट चार-पाच तास जाते, कधीकधी दिवसभर नसते. विहिरीच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ७०, पीएच ६.४. आणखी एक, दोन वर्षांपूर्वी गोगलगायी फार झाल्या म्हणून या टँकमध्ये मोरचूद टाकलं होतं.

हाच टँक आणि हाच फिल्टर वापरता येईल का? समुद्र दाराशी असताना मिठाची पाकिटं विकत घ्यायची गरज आहे का, की पाणी सरळ आणून भरावं? मिठागरातलं खडे मीठ विरघळवलं तर? चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) जमेल का? आणि आत आहेत त्या एंजल आणि मोली यांचं काय करायचं?


सड्यावरून :

मोरचुदापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरेल. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तांबं वाळूत बसतं, आणि टँकच्या सांध्यांतलं सिलिकॉनही ते थोडंफार धरून ठेवतं. मऊ गोड्या पाण्यात ते तिथेच पडून राहिलं तरी खारं पाणी भरल्यावर सुटू शकतं. माशांना त्या प्रमाणात फार त्रास होत नाही, पण कोळंबी, गोगलगायी, शंखातले खेकडे तग धरत नाहीत, आणि शेवाळ आटोक्यात ठेवायला हीच मंडळी लागतात. म्हणून नदीची वाळू पूर्ण काढून टाका. टँक धुऊन खाऱ्या पाण्याने भरा, पंप लावून दोन आठवडे फिरवा आणि तांब्याच्या टेस्ट किटने मोजा. शून्य आलं तर टँक वापरा. रंग जरासुद्धा दिसला तर त्याच काचेचे सांधे उकलून नवीन सिलिकॉनने जोडून घ्या, किंवा हा टँक क्वारंटाइनसाठी (नवीन मासे काही दिवस वेगळे ठेवायला) ठेवा. तिथे तांबं असलेलं चालतं.

कॅनिस्टर काढा. दोन कारणं आहेत. एक, त्यातल्या स्पंजात घाण साठून नायट्रेट वाढत राहतं. दुसरं तुमच्याकडे जास्त महत्त्वाचं : लाइट गेली की बंद डब्यातला ऑक्सिजन संपायला तास-दोन तास पुरतात. आतले जीवाणू मरतात, पाणी सडतं, आणि लाइट आल्यावर ते सगळं पाणी थेट टँकमध्ये येतं. वर उघडा असलेला सम्प (टँकखाली ठेवायची फिल्टरची टाकी) यापेक्षा कितीतरी सुरक्षित. जुन्या फिल्टरमधले गोड्या पाण्याचे जीवाणू खाऱ्यात कामाला येतील या भरवशावरही राहू नका. सायकल पहिल्यापासून करायची.

सम्प दोन फूट बाय एक फूट, उंची १४ इंच. पाणी ८ इंचांवर चालवा, वरचे ६ इंच रिकामे हवेतच. लाइट गेली की मुख्य टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून ते सम्पमध्ये उतरतं त्या भोकाच्या) पातळीपर्यंत खाली येतं. तुमच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे सुमारे साडेदहा लिटर, आणि तेवढ्याने सम्पमधली पातळी सव्वादोन इंच चढते. पण रिटर्नच्या (सम्पमधून पाणी वर नेणाऱ्या) पाइपचं तोंड पाण्यात चार इंच बुडलेलं असेल तर तो पाइप उलटा सायफन होऊन चारही इंच खाली ओढेल, म्हणजे ४२ लिटर. ते माजघरभर होईल. उपाय : रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या अर्धा इंच खाली ५-६ मिमीचं भोक पाडा. पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. चेक व्हॉल्व्हवर अवलंबून राहू नका, मिठाची पुटं बसून तो हमखास अडकतो. भोकातही शेवाळ साठतं, दर पंधरा दिवसांनी टूथपिक घालून साफ करा. पंप मुद्दाम बंद करून सम्प कुठवर भरतो हे पहिल्याच दिवशी बघून घ्या.

ओव्हरफ्लोसाठी काचेला भोक पाडायचं तर काच टफन केलेली नाही ना हे आधी काचवाल्याकडून खात्री करून घ्या. टफन काच ड्रिल लागताच पूर्ण फुटते.

रिटर्न पंप ताशी ८०० ते १००० लिटरचा पुरे. पाणी खेळवायला वेगळा वेव्हमेकर, ताशी २५०० ते ३००० लिटरचा, पृष्ठभाग ढवळेल असा वर तोंड करून. स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं उपकरण) ३०० लिटरच्या टँकसाठी म्हणून जो विकतात तो घ्या. डब्यावर लिहिलेला आकडा नेहमी फुगवलेला असतो.

स्टँडबद्दल. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आणि आपली दमट खारी हवा, दोन्ही मिळून लोखंडी अँगल वेल्डिंगच्या जागी आधी खातात, आणि वजन वरून अडीचशे किलो. माजघरात जागा असेल तर गवंड्याकडून चिऱ्याचे दोन खांब बांधून वर कडप्पा टाका, लेव्हल बघून घ्या, आणि टँकखाली १० मिमी फोमशीट. दोन खांबांच्या मध्ये सम्प बसतो. कोकणातल्या घरात याहून टिकाऊ स्टँड मला तरी माहीत नाही.

मिठागराच्या मिठाचं उत्तर : नाही. शिरोड्याचं असो की आणखी कुठलं. मिठागरात पाणी आटत जाताना आधी चुनखडी आणि जिप्सम खाली बसतं, म्हणजे कॅल्शियम गेलं. मग सोडियम क्लोराइडचे खडे धरतात ते आपण वेचतो. मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि ब्रोमाइड उरलेल्या कडू पाण्यात राहतात, आणि ते पाणी सोडून दिलं जातं. म्हणजे खडे मीठ हा समुद्राचा एकच भाग आहे. ते विरघळवून हायड्रोमीटरवर समुद्राइतकीच घनता, १.०२५, येईल, पण ते समुद्राचं पाणी नव्हे. एक तर मरीन सॉल्ट मिक्स घ्या, नाही तर खरं समुद्राचं पाणी.

तुमच्या टँक आणि सम्पमध्ये मिळून साधारण १८० लिटर पाणी बसेल. सॉल्ट मिक्स लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला पावणेसात किलोच्या आसपास.


खाजणकाठ :

समुद्राच्या पाण्याबद्दल लिहितो. आपल्याकडे ते फुकट आहे आणि चांगलंही आहे, पण महिना, जागा आणि भरती-ओहोटी बघून घेतलं तरच.

महिना : नोव्हेंबर ते मे. जून ते सप्टेंबर अजिबात नाही. नद्यांचं गढूळ पाणी किनाऱ्याला लागलेलं असतं आणि क्षारता रोज वेगळी मिळते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या म्हणून पाणी लगेच स्वच्छ होत नाही, ऑक्टोबर संपेपर्यंत थांबा. हिवाळ्यात रात्री लाटा निळसर चमकताना दिसल्या तर त्या आठवड्यात पाणी घेऊ नका. ते सूक्ष्मजीव दाट झालेले असतात आणि मरताना पाण्यात अमोनिया सोडतात.

जागा : खाडीच्या मुखापासून लांब, बंदरापासून त्याहून लांब. बंदराच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो, आणि होड्यांच्या तळाला लावतात त्या रंगात तांबं असतं. ओळखीच्या होडीवाल्याने जाळी टाकायला जाताना बाहेरून कॅन भरून आणले तर सगळ्यात उत्तम. किनाऱ्यावरूनच घ्यायचं तर खडकाळ टोकावरून घ्या. पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) लाटेत वाळू असते.

वेळ : उधाणाची (मोठी) नको, भांगाची (लहान) भरती बघा. उधाणाला ओढ जास्त, तळ ढवळला जातो. भांगाला पाणी निवळ असतं. तेही भरतीच्या शेवटच्या तासात. ओहोटी लागली की खाडीचं पाणी बाहेर यायला लागतं.

आणल्यावर सरळ टँकमध्ये ओतू नका. निळ्या पिंपात एक दिवस निवळू द्या, वरचं पाणी ५ मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून दुसऱ्या पिंपात घ्या. मग १०० लिटरला ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २५ मिली. त्याने १० पीपीएम क्लोरीन मिळतं. बिनवासाचं, फेस न येणारं घ्या. फरशी पुसायचं सुगंधी द्रावण चालणार नाही. चोवीस तास झाकून ठेवा, मग एअरस्टोन लावून आणखी चोवीस तास. शेवटी पोहण्याच्या तलावासाठी मिळतं ते क्लोरीन किट लावा. जेवढं क्लोरीन उरलं असेल त्याच्या सातपट हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १०० लिटरमध्ये २ पीपीएम उरलं असेल तर १.४ ग्रॅम. अर्ध्या तासाने परत मोजा. शून्य आलं की क्षारता मोजून वापरा.

हे कशासाठी, तर किनाऱ्याच्या पाण्यात माशांच्या परजीवींची पिल्लं तरंगत असतात. समुद्रात त्यांना मासा सापडणं कठीण. तीन फुटाच्या काचेत सोपं.


कालवं :

खाजणकाठ यांची पद्धत बरोबरच आहे, फक्त थोडा वेगळा सल्ला देईन : पहिली भरणी सॉल्ट मिक्सनेच करा. सायकल होत असताना काही बिघडलं तर कारण शोधायला सोपं जातं. पाणी बदलायला लागाल तेव्हा समुद्राचं आणा. दर पंधरवड्याला १८ लिटर, म्हणजे जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांसाठी दोनशे लिटरचा साठा. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दोन पिंपं भरून, क्लोरीन देऊन, अंधारात झाकून ठेवली की प्रश्न मिटला.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तरंगत्या काट्याच्या हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा फिरतो. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ वर (समुद्राची क्षारता, हजार भागांत ३५) तपासावा लागतो. घरचं द्रावण असं : कोरडं साधं मीठ ३६.५ ग्रॅम आणि आरओ-डीआयचं (आरओनंतर रेझिनने उरलेले क्षारही काढलेलं) पाणी ९६३.५ ग्रॅम, दोन्ही ग्रॅमच्या काट्यावर तोलून. यावर तो ३५ दाखवायला हवा. हे फक्त तपासणीचं द्रावण आहे, टँकमध्ये घालायचं नाही.

कायद्याची बाजूही आत्ताच सांगते. "लाइव्ह रॉक" म्हणून प्रवाळाचे तुकडे कुणी देऊ केले तर घेऊ नका. रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथून काहीच उचलायचं नाही. किनाऱ्यावरची वाळू काढायलाही सीआरझेडखाली (किनारी क्षेत्राच्या नियमांखाली) बंदी आहे. आणि तशीही ती आपल्या कामाची नाही : रत्नागिरीच्या काळ्या समुद्रासारख्या ठिकाणी वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. ते पंपाच्या चुंबकाला चिकटतात आणि रोटर घासून खातात. विकतची अरॅगोनाइट वाळू १५ किलो, साधारण एक इंचाचा थर. दगड म्हणून कोरडा सिरॅमिक रॉक १५-१६ किलो. आधी दगड काचेवर टेकवा, वाळू मागाहून. वाळूवर दगड ठेवला आणि एखाद्या माशाने खालून उकरलं तर तो काचेवर कोसळतो.


वाडीतला_टँक :

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. सम्पच्या भोकाचं तर डोक्यातच आलं नसतं. दोन शंका. घरात पिण्याच्या पाण्याचा आरओ आहे, तो चालेल का? विहिरीचा टीडीएस ७० च आहे, मग आरओ हवाच का? आणि चिलरचं राहिलं.


सड्यावरून :

आरओ हवाच. टीडीएस ७० म्हणजे कमी, हे खरं. पण मीटर त्या ७० मध्ये काय आहे ते सांगत नाही. आंब्याची बाग जवळ असेल तर त्यात खताचं नायट्रेट असू शकतं, पितळी व्हॉल्व्हमधून तांबं येऊ शकतं, आणि जांभ्यातल्या पाण्यातलं सिलिकेट मीटरला जवळजवळ दिसतच नाही. ते सिलिकेट म्हणजे काचेवर आणि वाळूवर येणारा तपकिरी थर. शिवाय हे पाणी एकदाच घालायचं नाही. रोज उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी तेच घालायचं, आणि उडताना फक्त पाणी जातं, बाकी सगळं मागे साठत राहतं.

घरच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. पुढे मिनरलची नळकांडीही असते. म्हणून नळाचं पाणी नको. मेंब्रेनमधून बाहेर येणाऱ्या पाइपलाच टी लावून पाणी घ्या आणि पुढे १० इंची डीआय रेझिनचं हाउसिंग जोडा. मेंब्रेननंतर ५-६ आणि रेझिननंतर ० टीडीएस यायला हवा. १ दिसायला लागला की रेझिन बदला.

बागेवरून आणखी एक आठवलं, देवगडात हे विसरून चालणार नाही. मोहोर धरल्यापासून फवारण्या सुरू होतात आणि त्यातली बरीचशी पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं असतात. मासे आणि कोळंबी यांना ती अगदी सूक्ष्म प्रमाणातही मारक. एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो, स्किमरही तेच करतो. शेजारच्या बागेत पंप सुरू झाला की खिडक्या लावा, एअर पंप आणि स्किमर तीन-चार तास बंद, वेव्हमेकर चालू, सम्पमध्ये कार्बनची ताजी पिशवी. फवारणी करून आलेला हात टँकमध्ये नको. घरात डास मारायचा स्प्रेही त्या खोलीत नको.


खाजणकाठ :

तापमान आणि लाइट, हे दोन्ही एकच प्रश्न आहेत : ऑक्सिजन.

२५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. त्याच तापमानाला समुद्राच्या पाण्यात ६.७. पाणी ३१ अंशांवर गेलं की ६.१ च्या आसपास. म्हणजे तुमच्या एंजलना मे महिन्यात जेवढी सवड मिळते तेवढी क्लाऊनफिशला मिळत नाही, आणि गरम पाण्यात त्याची गरज उलट वाढलेली असते. तशात वेव्हमेकर बंद पडला की पहाटेपर्यंत मासे वर तोंड करून येतात.

पंख्याने किती भागेल ते हवेवर अवलंबून आहे. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता घेऊन जातं तेवढ्यात १८० लिटर पाणी ३ अंशांनी थंड व्हावं. ऐकायला भरपूर वाटतं, पण खोली ती उष्णता परत देत असते, आणि पंख्याने पाणी ओल्या बल्बच्या तापमानाखाली (त्या हवेत ओलं फडकं जेवढं थंड होतं त्याखाली) कधीच जात नाही. मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के दमटपणा असला तर ओला बल्ब २८ च्या थोडा वर असतो. म्हणजे कितीही पंखे लावले तरी साधारण २९. पुण्यात पंख्यावर जमतं म्हणून इथे जमेल असं नाही.

२९ स्थिर राहिलं आणि मासे चार-पाचच असले तर निभावतं. पण तिथे चुकीला जागा नाही. दीर्घकाळ टँक ठेवायचा असेल तर पहिल्या मे महिन्याआधी १/१० एचपीचा चिलर घ्या, २७ वर सेट करा. तो कपाटाच्या आत ठेवू नका, स्वतःचीच गरम हवा ओढत बसेल.

पंखा लावला की रोज २ ते ३ लिटर पाणी उडतं. ते आरओच्या गोड्या पाण्यानेच भरायचं, खाऱ्याने नाही. सुरुवातीला इथेच सगळे चुकतात. रोज ३ लिटर धरून आठवडाभर काहीच घातलं नाही तर ३५ ची क्षारता ३९ च्या पुढे जाते. खारं घालत राहिलात तर तेवढीच चढते, फक्त पातळी बरोबर दिसत असल्याने लक्षात येत नाही. सम्पमध्ये जिथे रिटर्न पंप आहे तिथेच पातळी उतरते, तिथे मार्करने रेघ मारून ठेवा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत भरा. फ्लोट व्हॉल्व्ह लावलात तरी वरचं पिंप १० लिटरपेक्षा मोठं नको. व्हॉल्व्ह अडकला तर तेवढंच आत येईल.

लाइटसाठी : घरच्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर जोडा. १५ वॉटचा वेव्हमेकर १५० एएचच्या बॅटरीवर, इन्व्हर्टरचा स्वतःचा खप धरूनही, एक दिवस सहज काढतो. स्किमर, चिलर, दिवे यांना इन्व्हर्टरवर घेऊ नका. त्याशिवाय बॅटरीवर चालणारा, लाइट जाताच आपोआप सुरू होणारा एअर पंप एक हवाच. लाइट नसेल तेवढा वेळ खाणं बंद. चोवीस तास उपाशी राहून मासा मरत नाही.


कालवं :

सायकल : कोळंबीचा तुकडा टाकून सडवण्यापेक्षा अमोनियम क्लोराइड मोजून द्या. कल्हईवाल्याचा नवसागर तो हाच, पण बाजारातला अशुद्ध असतो, लॅब ग्रेडचा घ्या. १८० लिटरला एक ग्रॅम दिला की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. ओळखीच्या कुणाच्या चालू मरीन सम्पमधली मूठभर सिरॅमिक रिंग मिळाली तर काम लवकर होईल, नाही तर चार ते सहा आठवडे धरा. २ पीपीएम दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, असं दोनदा झालं की टँक तयार.

इथे घाई का नको ते सांगते. तुमच्या विहिरीच्या पाण्याचा पीएच ६.४ आहे, तिथे अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो. किटवर ०.५ दिसलं तरी एंजल खात-पीत असतात. समुद्राचा पीएच ८.२. तिथे विषारी भाग कित्येक पटींनी जास्त असतो. तोच ०.५ आकडा इथे कल्ले जाळतो. गोड्या पाण्यात अंगवळणी पडलेला अंदाज इथे लावू नका.

हाच हिशेब मासे आणताना. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेली पिशवी दहा-बारा तास बंद असते. आत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला, त्यामुळे अमोनिया असूनही मासा जिवंत. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशी पिशवी उघडून दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत बसणं म्हणजे माशाला त्यातच शिजवणं. त्यापेक्षा विक्रेत्याला त्याची क्षारता आदल्या दिवशी विचारा, बऱ्याच ठिकाणी १.०१८ ते १.०२० असते. क्वारंटाइन टँक तेवढ्यावर तयार ठेवा. पिशवी बंदच तरंगवून १५ मिनिटं तापमान जुळवा, उघडा, मासा हाताने किंवा डब्याने पलीकडे घ्या, पिशवीतलं पाणी फेका. नंतर रोज ०.००१ ते ०.००२ ने चढवत १.०२५ वर आणा.

क्वारंटाइन तीस दिवस, ५० लिटरचा टँक, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसीचे तुकडे. आत दगड-वाळू नको, औषध शोषून घेतात. गोड्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मीठ टाकून आणि तापमान वाढवून आटोक्यात येतो. समुद्रातला ठिपक्यांचा परजीवी वेगळा, त्याला यातलं काही लागू नाही. अंगावरचे ठिपके चार-पाच दिवसांत गळतात आणि रोग गेला असं वाटतं. तेव्हा तो वाळूत कोष करून बसलेला असतो. मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ७६ दिवस टँक माशांविना चालवावा लागतो. तांब्याचं औषध द्यायचं ते क्वारंटाइनमध्येच, रोज किटने मोजून.

मासे : टँकमध्ये पैदा झालेली ऑसेलॅरिसचीच (क्लाऊनफिशची एक जात) जोडी घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे देशात पैदा झालेली पिल्लं मिळतात. ती पेलेट खातात, समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा कमी आजारी पडतात. सी अ‍ॅनिमोन लागत नाही, तिच्याशिवाय ती मजेत राहतात. सोबत एक फायरफिश आणि एक ब्लेनी. फायरफिश उडी मारते, वर झाकण म्हणून काच नको, जाळी लावा. डॅमसेल स्वस्त म्हणून आधी टाकू नका, नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला ती मारते. ब्लू टँगला सहा फुटी टँक लागतो.

तुमचे एंजल खाऱ्यात जाणार नाहीत. मरीन एंजल हा नुसता नावाचा सारखेपणा आहे. ते कुणाला तरी द्या, विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका. मोली मात्र जातील. आठ-दहा दिवस रोज ०.००२ ते ०.००३ ने क्षारता चढवत न्या, शेवाळ चांगलं खातात.


वाडीतला_टँक :

मग असं ठरवतो : या आठवड्यात वाळू काढून खारं पाणी फिरवतो आणि तांबं मोजतो. स्टँडसाठी गवंड्याशी बोललो, चिरे आहेतच. सम्प, डीआय, सिरॅमिक रॉक, मग नवसागर. मासे जानेवारीत. चिलर एप्रिलच्या आत. पंप, वेव्हमेकर वगैरेंचे प्लग सम्पच्या बाजूला खांबावरच एक्स्टेंशन बोर्ड ठोकून लावणार आहे.


सड्यावरून :

बाकी सगळं बरोबर, फक्त बोर्ड तिथे नको. सम्पमध्ये बुडबुडे फुटतात तिथून खारा तुषार उडत राहतो, महिन्याभरात प्लगच्या पितळेवर हिरवं चढतं आणि दमट दिवसांत बोर्डवरच ठिणगी पडते. बोर्ड टँकच्या बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच. प्रत्येक वायर आधी बोर्डाच्या खाली झोळासारखी लोंबू द्या आणि मग वर प्लगमध्ये न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, प्लगपर्यंत पोचत नाही. आणि मासे येण्याआधी वायरमनकडून त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. इन्व्हर्टरवरून येणाऱ्या वेव्हमेकरच्या लाइनवरही वेगळा. घरातल्या मेनवरचा ट्रिप झाला तर टँकही बंद पडेल. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून तो खरंच पडतो का ते बघायचं.